स्पॉन्सर बदलू का, की माझा प्लॅन मीच बनवू?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतोय:

"दादा नमस्कार. मी ३४ वर्षांचा, इंजिनियर आहे. दहा वर्षं दारू, त्यातली शेवटची चार वर्षं रोज. पाच महिन्यांपूर्वी अॅडमिट होऊन बंद केली आणि बाहेर आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संस्था) मीटिंगला जायला लागलो. तिथे एक स्पॉन्सर मिळाले, म्हणजे नव्या माणसाला सांभाळून घेणारे जुने सभासद, १६ वर्षं सोबर आहेत, दारूला हात लावलेला नाही. त्यांनी प्लॅन दिला, ९० दिवसांत ९० मीटिंग, रोज सकाळी त्यांना फोन, जुन्या ग्रुपला भेटायचं नाही, रात्री झोपताना चार ओळी लिहायच्या. तीन महिने सगळं पाळलं. मग वाटलं आता जमतंय, एवढं सगळं कशाला, आणि फोन, लिहिणं सगळं सुटत गेलं. त्यात त्यांचं एक मला अजिबात पटत नाही. मला डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्यात, आणि हे म्हणतात गोळी म्हणजे पण नशाच, ती सोडशील तर खरा सोबर. प्रत्येकाची केस वेगळी असते ना? त्यांचा प्लॅन त्यांच्या वेळचा, मला माझं जास्त कळतं. मध्यंतरी १२ दिवसांपूर्वी एकदा झाली थोडी, पण एकच रात्र, नंतर नाही. कोणाला बोललो नाही. बायको हल्ली कमी बोलते, ते पण एक टेन्शन आहे. तर स्पॉन्सर बदलू का, की मला सूट होईल असा प्लॅन स्वतःच बनवू?"

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं प्रश्न स्पॉन्सरचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडच्या त्या अर्ध्या वाक्यावर अडकलो. "मध्यंतरी एकदा झाली थोडी." झाली म्हणे! जसा काही पाऊस झाला. अरे बाबा, स्पॉन्सरबद्दल सात-आठ वाक्यं, गोळ्यांबद्दल तीन आणि पाच महिन्यांनी परत ग्लास उचललास त्याला अर्धं वाक्य, तेही कर्ता गायब करून. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी ओरडत नाहीये, मी पण असंच लिहायचो, म्हणून ओळखता आलं. मी स्वतः १४ वर्षं सोबर आहे आणि त्याआधी "आता बंद" असं किती वेळा म्हणून झालं ते मोजायचंच सोडून दिलं होतं.

बाकी बोलण्याआधी एक तब्येतीचं. ती एकच रात्र होती आणि त्यानंतर खरंच थेंब नाही, तर ठीक, तरी या आठवड्यात डॉक्टरांना सांग, कारण डिप्रेशनची गोळी आणि दारू हे एकत्र चांगलं नसतं आणि तुझा डोस ठरवणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं. प्यायल्यावर त्रास होणारी गोळी, म्हणजे डायसल्फिराम, कधी दिलेली असेल तर तेही सांग, तिचा परिणाम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. पण मला लिहिताना "एकच रात्र" म्हणालास आणि खरं म्हणजे तेव्हापासून रोज थोडी थोडी चालू आहे असं असेल (असं लिहिणारे बरेच असतात, मी त्यातलाच), तर मग घरच्या घरी एका झटक्यात बंद करायची मर्दुमकी दाखवू नकोस. रोज पिणाऱ्याची एकदम थांबली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास, गोंधळ, ताप असं सुरू होतं, ते वेळेत उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं. ते डॉक्टरच्याच देखरेखीखाली करायचं काम आहे. आणि मरून जावं वगैरे विचार येत असतील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच, आत्ता, डॉक्टर किंवा हॉस्पिटल गाठ, जवळच्या कोणाला तरी बरोबर घेऊन.

आता गोळ्यांचं. यात तू बरोबर आहेस आणि तुझे स्पॉन्सर चूक. यात मला काहीही गोलमाल उत्तर द्यायचं नाही. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांनी किक बसत नाही, त्यांची तलफ येत नाही, कोणी त्या ग्लासात ओतून मित्रांबरोबर घेत बसत नाही. उलट त्या मनानेच एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे डिप्रेशन परत वर आलं की त्याच्या मागोमाग दारू येतेच. खुद्द एएचं सुद्धा लिखित म्हणणं आहे की सभासदाने डॉक्टर बनू नये. म्हणजे तुझे स्पॉन्सर जे बोलले ते एएचं मत नाहीये, त्यांचं स्वतःचं आहे. जुन्या लोकांमध्ये हे दिसतं, स्वतः गोळी न घेता निभावलं की वाटतं सगळ्यांनी तसंच करावं. एक मात्र लक्षात ठेव, झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची खरोखर सवय लागते आणि आपल्यासारख्याला जरा लवकरच लागते, त्यामुळे कोणत्याही डॉक्टरकडे गेलास तरी पहिलं वाक्य "मी दारूवाला आहे" हे असलं पाहिजे, दातांच्या डॉक्टरकडे सुद्धा.

तर गोळ्यांच्या बाबतीत ते चुकले. बरं मग? सकाळचा फोन का बंद केलास? फोनने काय वाकडं केलं होतं तुझं?

बघ हं काय झालंय. एका माणसाने सांगितलेल्या पाच गोष्टींतली एक चुकीची निघाली आणि त्या एकीच्या जोरावर तू बाकीच्या चार पण सोडून दिल्यास. आणि तारखा बघ, आधी वाटलं "आता जमतंय", मग फोन गेला, लिहिणं गेलं, आणि मग गोळ्यांचा राग कामाला आला. राग खरा आहे, पण तो वापरला गेलाय. मला आजवर प्यायचं कारण कधी खोटं लागलंच नाही, सगळी कारणं खरीच असायची, बॉस खरंच वाईट होता, भांडण खरंच झालं होतं.

आता तुझा मुख्य मुद्दा, "मला माझं जास्त कळतं". कळतंच. तू कुठे अडखळतोस, कुठल्या वेळी घर खायला उठतं, कोणाचा आवाज ऐकला की डोकं फिरतं, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. पण प्लॅनला मंजुरी देणं हे वेगळं काम आहे. ज्या डोक्यात "एकाने काय होतंय" हा विचार तयार होतो, त्याच डोक्याला आपण राखणदार नेमतोय, आणि कुंपणच शेत खात असेल तर तक्रार कोणाकडे करणार? तू इंजिनियर आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगतो, आग लागल्याचं सांगणारा अलार्म ज्या पॅनेलला आग लागू शकते त्याच पॅनेलच्या वायरवर कोणी बसवतं का? त्याला वेगळी वायर देतात. स्पॉन्सर म्हणजे ती वेगळी वायर. तो तुझ्यापेक्षा हुशार असायची काहीच गरज नाही, तो फक्त तुझ्या डोक्याच्या बाहेर असला पाहिजे.

माझीच गंमत ऐक. सात महिने झाल्यावर मी माझा "सुधारित प्लॅन" बनवला होता, चक्क एक्सेलमध्ये, रंगबिरंगी. त्यात मीटिंग आठवड्याला दोन, फोन "गरज वाटल्यास" आणि तळाशी एक ओळ, सहा महिन्यांनी परिस्थितीचा आढावा घेऊन मर्यादित प्रमाणात पुनर्विचार. एवढं सरकारी मराठी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं! माझ्या स्पॉन्सरने तो कागद शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, की ही शेवटची ओळ आधी सुचली की शेवटी? मी काही बोललो नाही. ती आधी सुचली होती. बाकी सगळी शीट त्या एका ओळीला जागा करून द्यायला बनवली होती. तू जो प्लॅन मनात बनवतोयस त्यात अशी ओळ कुठे आहे ते बघ. जुन्या ग्रुपला "फक्त भेटायला" जायचं असेल, किंवा "सहा महिने झाले की बायकोने विचारणं बंद करायचं" असं काही असेल. तुलाच माहीत.

आणि हे फक्त तुझं-माझं नाही, एए सुरूच यातून झालंय. १९३५ चा मे महिना, न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अक्रन नावाच्या गावी गेलेला, सौदा फिसकटलेला, खिशात फार पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा आणि एका बाजूला बारमधून हसण्या-बोलण्याचा आवाज. तेव्हा त्याला सोबर होऊन किती झाले होते माहितीये? पाच महिने. तुझ्याइतकेच. त्याच्याकडेही बारमध्ये जायला सगळी खरी कारणं होती. तो दुसऱ्या बाजूच्या फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीवरून एकामागून एक नंबर लावत सुटला, की मला इथे कोणीतरी दुसरा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. शेवटी एका बाईंनी डॉक्टर बॉबशी गाठ घालून दिली. बॉब म्हणे आधी बजावून आला होता की फक्त १५ मिनिटं बसणार, आणि बसले सहा तासांच्या वर. यातला पुढचा भाग कमी लोक सांगतात, बॉब थांबला, आणि काही आठवड्यांनीच डॉक्टरांच्या एका संमेलनाला गेला आणि भरपूर प्यायला. मग परत आला. त्याच लोकांमध्ये परत आला, लपून नाही बसला. त्याचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा मानतात आणि एए आपला वाढदिवस म्हणून तीच तारीख धरते. म्हणजे ज्या संस्थेत आपण स्लिप झाली, म्हणजे मध्येच एकदा प्यायलो, म्हणून तोंड दाखवायला लाजतो, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक स्लिप होऊनच आलेला. तू कोणाला घाबरतोयस मग?

लाजेचं मी हसण्यावारी नेत नाहीये. अॅलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नेमकं हेच मांडलं, की एकदा नियम मोडला की माणूस त्या ग्लासपेक्षा स्वतःबद्दलच्या निष्कर्षाने जास्त घसरतो, "गेलं सगळं, मी असाच, आता काय उपयोग". एक रात्र ही स्लिप आहे, तिचा रिलॅप्स, म्हणजे परत पूर्ण व्यसनात जाणं, व्हायचा की नाही हे पुढच्या दिवसांवर ठरतं. आणि पुढचे दिवस तू काय केलंस? गप्प बसलास. प्यायला नाहीस हे चांगलं, पण १२ दिवस हे पोटात घेऊन मीटिंगमध्ये बसतोयस, म्हणजे बसत असशील तर. ते आतून कुजतं रे. आणि एक धोका वेगळाच, काही झालं नाही, कोणाला कळलं नाही, म्हणून डोक्यात नोंद होते की एकदा चालतं.

तेव्हा उत्तराचा क्रम मी उलटा करतो. स्पॉन्सर बदलायचा की नाही ते नंतर. आधी आज त्याच स्पॉन्सरला फोन. भाषण तयार नको करूस, तीन वाक्यं पुरे, "१२ दिवसांपूर्वी मी प्यायलो. फोन आणि लिहिणं मी त्याआधीच बंद केलं होतं. गोळ्या मी सोडणार नाही, ते डॉक्टर ठरवतील, बाकी सगळ्यात मला तुमची मदत पाहिजे." इथे "मी प्यायलो" असं म्हण, "झाली" नाही. समोरून थोडं ऐकून घ्यावं लागेल, घे. १६ वर्षं सोबर असलेल्या माणसाने असे फोन बरेच घेतलेले असतात, त्याला धक्का वगैरे बसत नाही, बहुतेक त्याला तू फोन कमी केलास तेव्हाच वास आला असणार.

यानंतरही ते गोळ्यांवर अडून बसले, "आधी गोळी सोड मग बोलू" म्हणाले, तर बदल स्पॉन्सर, मी तुझ्या बाजूने आहे. पण आधी नवीन माणूस विचारून ठेव आणि मग जुन्याला सांग, मध्ये एक दिवसाची सुद्धा गॅप नको. मवाळ माणूस शोधू नकोस, जो आपलं सगळं "हो रे" करतो तो दोस्त म्हणून ठीक. ज्याच्याशी खोटं बोलायला तुला जड जाईल असा शोध. आणि एए जमतच नाहीये असं मनापासून वाटलं तर काउन्सेलर आहेत, दुसरे ग्रुप आहेत, तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, ती कोणाला चालतील ते लिव्हर, किडनी, चालू औषधं बघून डॉक्टर ठरवतात. मी एएचा माणूस असलो तरी एकच दार आहे असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे उपचार बाकीच्या उपचारांइतके किंवा जास्त चांगले ठरले, म्हणून आधी इथे नीट करून बघ म्हणतो, अर्धवट करून नाही.

प्लॅन बदलायचाय, तर बदल की. दगडावरची रेघ नाहीये ती. माझा प्लॅन १४ वर्षांत कितीदा बदलला. फक्त बदल सुचला त्या दिवशी करायचा नाही आणि एकट्याने करायचा नाही. सुचलं की लिहून ठेव, दोन दिवस जाऊ दे, मग स्पॉन्सरला वाचून दाखव. बहुतेक गोष्टी मोठ्याने वाचतानाच हास्यास्पद वाटतात, एक्सेलवाल्याचा अनुभव आहे. आणि काही कमी करायचं असेल तर त्याच्या जागी काय येणार ते त्याच कागदावर पाहिजे.

जुना प्लॅन मोडला कुठे हेही बघायला हवं, आणि त्यासाठी ती रात्र बघू नकोस, तिच्या आधीचे तीन दिवस लिही. झोप किती झाली, कोणाशी वाजलं, जेवण कधी चुकलं, किती वेळ एकटा होतास, कोणाचा मेसेज आला ज्याला तू उत्तर दिलंस. मीटिंगमध्ये सांगतात ना, भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारपैकी दोन एकत्र आले की सावध व्हायचं. मला खात्री आहे की ग्लास हातात यायच्या बरंच आधी एक छोटा निर्णय सापडेल, साधा दिसणारा. रस्ता बदलणं, फोन सायलेंट करणं, असलं काहीतरी. प्लॅनमध्ये जी ओळ घालायची ती त्या जागी. आणि "संयम ठेवीन" असली ओळ कुठेही चालणार नाही, "असं झालं तर मी हे करणार" अशा साच्यात लिही. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, नुसत्या निश्चयापेक्षा असं आधीच जोडून ठेवलेलं जास्त पाळलं जातं. जुन्या ग्रुपमधल्या कोणाचा फोन आला तर उचलायच्या आधी स्पॉन्सरला फोन. ऑफिसच्या पार्टीला जावंच लागलं तर परत येण्याची सोय स्वतःची, आणि निघायची वेळ बायकोला आधीच सांगितलेली. तलफ आली तर जागा बदलायची, पाणी प्यायचं, काहीतरी खायचं आणि कोणाला तरी फोन लावून अर्धा तास काढायचा, कारण तलफ लाटेसारखी चढते आणि न पिताही उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. आपल्याला हे कधी कळलंच नाही कारण आपण कधी तेवढा वेळ थांबलोच नव्हतो.

आणि नव्वद मीटिंगांचं म्हणशील तर त्यात जादू काही नाही. रोज एका ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुर्चीत बसायची सवय लागते एवढंच, आणि पहिले तीन महिने नव्याचे नऊ दिवस असतात, सगळे कौतुक करतात, चेहऱ्यावर तेज येतं, झोप लागते. खरा कंटाळा चौथ्या महिन्यात येतो. तुझं तेच झालं. बहुतेकांचं तेव्हाच होतं, आणि म्हणूनच "आता जमतंय" वाटलं की फोन वाढवायचा असतो, कमी नाही करायचा. सोबर दिवस परत एकपासून मोजायचे का असं विचारशील. हो, तारीख बदलते. पण त्या पाच महिन्यांत जे शिकलास ते कोणी काढून घेत नाही.

राहिली तुझी बायको. ती हल्ली कमी बोलते असं तू लिहिलंस आणि ते वेगळं टेन्शन म्हणून लिहिलंस, मला ते वेगळं वाटत नाही. जिने चार वर्षं रोज दार उघडताना तुझा श्वास ओळखला, तिला त्या रात्री काही कळलं नसेल? मला तर वाटतं तिला कळलंय आणि ती १२ दिवस वाट बघतेय की तू सांगतोस का. स्पॉन्सरला फोन झाला की आज संध्याकाळीच तिच्याशी बोल, मध्ये रात्र जाऊ देऊ नकोस. माफी मागायची घाई नको, काय झालं ते आधी सांग, उद्यापासून सकाळचा फोन परत सुरू होतोय तेही सांग, आणि मग ती जे बोलेल ते मध्ये न बोलता ऐक, ती काहीच बोलली नाही तरी तिथेच बस. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, १९५१ पासून आहेत, त्यांच्याबद्दल तिला सांगायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी. आजच्या बोलण्यात "तू पण कुठेतरी जा" हे घुसवू नकोस.